पक्षाच्या इतिहासातलं सातवं प्रकरण

पक्षाच्या म्हाताऱ्या चिटणिसाने मी भाषांतर केलेलं पान भिरकावलं. ते माझ्या पायाशी पडलं.

"उचल," आमचे साहेब हळूच मराठीत म्हणाले. चिटणिसाला कळू नये म्हणून मराठीत. ऑफिसातल्या बाकी बायका त्यांच्या मॅडम, रत्नागिरीची मी तेवढी 'तू'. मी उचललं. सॉरीसुद्धा म्हटलं. त्याची लाज मला आजही वाटते.

मंदीत आखातातल्या जुमेरा लेक टॉवर्समधलं आमचं भाषांतराचं ऑफिस अर्धं रिकामं झालं होतं. मोठं काम एकच उरलेलं, आणि अरबी येणारी मी एकटी. दुसऱ्या एका अरब देशातल्या चिमुकल्या पक्षाचा इतिहास इंग्रजीत करायचा होता. व्यापाऱ्यांनी आणि वकिलांनी कापडाच्या दुकानाच्या माडीवर काढलेला पक्ष. जरासा उजवा, पण फार नाही. धर्म, मालमत्ता, शिस्त. करावरून फूट, मग एकी, मग पुन्हा फूट. जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, पण वाचावं तर देश जणू यांनीच चालवला.

सातव्या प्रकरणात त्यांचा मोठा पराक्रम होता. एकदा सरकार यांच्या टेकूवर तगलं. त्या बदल्यात यांनी कायदा करून घेतला: परदेशी कामगाराचा पासपोर्ट मालकाकडे राहील, मालकाच्या सहीशिवाय नोकरी बदलता येणार नाही. अरबीत हे अभिमानाने छापलं होतं. मी तसंच लिहिलं. पण इंग्रजी प्रत युरोपातल्या देणगीदारांसाठी होती. तिथे चिटणिसाला या कायद्याच्या जागी 'पाहुण्यांची काळजी' हे शब्द हवे होते.

दुसऱ्या दिवशीही मी पान बदललं नाही. साहेबांनी बजावलं, काम गेलं तर पहिला तुझा व्हिसा कॅन्सल. खोटं नव्हतं. गावाकडे आई माझ्याच पगारावर होती.

चिटणीस हसून हिंदीत म्हणाला, "तुम भी तो मेहमान हो. कोई तकलीफ है?"

मी त्याच्याच अरबीत सांगितलं, "माझा पासपोर्ट या ऑफिसच्या कपाटात कुलपात आहे. हीच ती काळजी."

"गप्प बस," साहेब मराठीत.

"किल्ली द्या," मीही मराठीत. आवाज न दाबता.

पासपोर्ट असा ठेवून घेणं आमचं ऑफिस होतं त्या देशात नियमात बसत नाही, हे त्यांना माहीत होतं. मलाही होतं. इतकी वर्षं मी तोंड उघडलं नव्हतं, एवढंच. किल्ली मिळाली. नोकरी गेली, व्हिसा गेला, मी रत्नागिरीला परतले.

पुस्तक निघालं म्हणे, दुसऱ्याच्या हातून. त्यात पाहुणे सुखात असतील.

मी सातवं प्रकरण मराठीत उतरवलंय. एकही शब्द मऊ केला नाही. आखातात निघालेल्या मुली माझ्याकडे फॉर्म भरून घ्यायला येतात. आधी ते पान वाचायला लावते. फॉर्म नंतर.