सगळ्या फाईली जोडल्या आणि निघालं भरीत

मैत्रिणींनो, आमची सुनंदा धुळं सोडून कायमची लेकाकडे जर्मनीला चालली आहे. तिला पाककृतींचं पुस्तक द्यायचं म्हणून आमच्या गटातल्या प्रत्येकीने आपल्या हातचा एक पदार्थ टाईप करून मला वर्डची फाईल पाठवली.

आज दुपारी सगळ्या फाईली सॉफ्टवेअरने एकत्र जोडल्या. वाचते तर काय, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वांग्याचं भरीत! माझी फाईलही धरून.

आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या अक्कांना फोन केला. "अक्का, तुम्ही तरी दुसरं काही देता का?"

"मी काब्र बदलू? मन्हंच खरं भरीत शे!"

मग एकही पान न काढता छापायला दिलं.

आता काळजी एवढीच, भरताची हिरवी वांगी जर्मनीत मिळतात का हो?