सॅम्पल घराची मावशी

सगळे तिला मावशीच म्हणायचे. विक्रीच्या ऑफिसातले साहेब तिच्यापेक्षा चांगले दहा-बारा वर्षांनी मोठे, डोक्यावर नावाला केस उरलेले, तेही हाक मारायचे, "मावशी, जरा इकडे या!" तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरी येऊन नवऱ्याला म्हणायची, "उद्या मी त्यांना भाचा म्हणते की नाही, बघाच तुम्ही." म्हटलं मात्र कधी नाही. पुढे पुढे तर कोणी नाव विचारलं तरी तिच्या तोंडात आधी 'मावशी'च यायचं.

तिची नोकरीही जगावेगळीच. शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर एक टाउनशिप उभी राहत होती. रस्ते कुठून वळणार, बाग कुठे, शाळा कुठे, झाडं कुठली, सगळं आधीच कागदावर ठरलेलं. एकाही गल्लीत विटेला वीट लागली नव्हती तेव्हा तिथे एकच घर बांधलं, ते सॅम्पल घर. गिऱ्हाइकाने यावं, ते बघावं आणि भुलावं, एवढ्यासाठी. ते घर असं ठेवायचं, की माणसं आत्ताच कुठेतरी बाहेर गेलीत आणि येतीलच, हे मावशीचं काम.

आणि काय काय करायची ती! ओट्यावरच्या टोपलीतली प्लॅस्टिकची लिंबं धुवायची. सगळे दिवे लावायची. ओव्हनमध्ये व्हॅनिलाचे दोन थेंब टाकून घरभर वास करायची, जणू आत केक भाजतोय. कपाटात तीन शर्ट, तिन्ही पांढरे, ते इस्त्री करून पुन्हा टांगायची. भिंतीवर फोटो होते, कोण कुठली दात काढून हसणारी माणसं! त्यांना पुसताना ती वैतागायची, "एवढं हसायला झालंय काय तुम्हाला?" पलंग तर मुद्दाम आखूड बनवलेले, खोली मोठी दिसावी म्हणून. नवरा बसड्रायव्हर, ताडमाड उंच. एकदा तिला न्यायला आला आणि गंमत म्हणून आडवा झाला, तर पोटऱ्यांपासून पाय बाहेर. "अगं, हे घर काय बुटक्यांना विकताय का?" म्हणाला. ती हसून हसून बेजार झाली, आणि मग तिने त्याला हाताला धरून उठवलं, चादर पुन्हा ताणली.

घर दाखवायला आधी मुली ठेवल्या होत्या. चकचकीत कपडे, गोड गोड बोलणं, पण एक टिकेल तर शपथ! शेवटी साहेब कंटाळले आणि म्हणाले, "मावशी, तुम्हीच दाखवत जा." तिने दाखवलं, आणि घरं खपायला लागली. साहेबांनी तोंडात बोटं घातली. बघता बघता गल्ल्या भरल्या, काठ्यांएवढी झाडं सावली द्यायला लागली, बागेत पोरांचा कल्ला सुरू झाला.

मावशी स्वतः राहत होती ती एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत. खाली मशीन सुरू झालं की वर कपबशा थरथरायच्या. मुलगी कॉलेजात, अभ्यासाला जिन्यात बसायची. हे सगळं चालवून घेता आलं असतं. पण सासूबाईंचे गुडघे गेले, आणि तो उभा जिना त्यांना चढवेना की उतरवेना. ज्या बाईने आयुष्यभर भाजीबाजार पायाखाली घातला, ती आता भिंतीकडे तोंड करून दिवस काढत होती. जिभेला मात्र गुडघे नसतात. "मला खाली न्याल ते चौघांच्या खांद्यावरूनच," म्हणायच्या, आणि मावशी ताटावरून उठायची.

म्हणून जेव्हा कानावर आलं, की टाउनशिप संपत आली, आता सॅम्पल घरसुद्धा विकायचं, आणि वापरलेलं म्हणून इतरांपेक्षा कमी भावात, तेव्हा तिला रात्रभर झोप लागली नाही. तळमजला. सकाळचं ऊन येणारी खोली. सकाळी ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, ते घर मला द्या."

साहेब हसले. मग तिचं तोंड बघून हसायचे थांबले. "कर्ज मिळेल?"

"बँकेने हो म्हटलंय. पत्र यायचंय."

"पत्र आणा, घर तुमचं. पण तोवर ते सगळ्यांसाठी खुलं. कोणी आलं तर दाखवायचं, आणि नेहमीसारखं दाखवायचं. मधे कोणी बुक केलं तर माझा नाइलाज आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो."

आता बोला! जे घर आपल्याला हवं, तेच रोज दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. बाईचा जीव टांगणीला लागला. बँकेतला माणूस रोज सांगायचा, "उद्या." घरी तर सल्ल्यांना ऊत आला. सासूबाई म्हणाल्या, "एखादा पंखा खडखडता ठेव." नवरा म्हणाला, "सांग की, शेजारचं कुत्रं माणसं चावतं." मुलगी म्हणाली, "आई, तो व्हॅनिला बंद कर, आपोआप पळतील."

तसं तिने करूनही पाहिलं. एका सकाळी दिवे लावले नाहीत, पडदे ओढून ठेवले, वासही केला नाही. घर असं उतरलेलं दिसत होतं की तिचं तिलाच बघवेना. नेमकं तेव्हाच एक तरुण जोडपं आलं. बाईला दिवस गेलेले, उन्हातून चालत आल्याने चेहरा लालबुंद. तिने दारातच कंबरेवर हात ठेवला, आणि संपलं! मावशीचा हात कधी बटणाकडे गेला, पडदे कधी सरकले, तिचं तिलाच कळलं नाही. हाडीमाशी मुरलेली सवय, ती काय सांगून सुटते?

मग ती बोलायला लागली. "ही खोली बघा, सकाळी उठल्या उठल्या ऊन इथवर येतं. सासूबाई इथे पाय पसरून बसतात, गुडघ्यांना शेक मिळतो. एकही पायरी नाही, काठी घेऊन आपल्या आपण बागेपर्यंत जातात, आणि येताना दहा जणींच्या खबरी घेऊन येतात. इथे आमचे हे बूट काढतात. ड्यूटी पहाटेची असते ना, कोणाची झोपमोड नको म्हणून बिचारे अंधारातच बूट चाचपतात. या खिडकीशी मुलगी अभ्यासाला. आणि हा ओटा माझ्या उंचीचा आहे बघा, पाठ म्हणून दुखत नाही."

दोघं आ वासून ऐकत होती. बाई सारखी त्या उन्हाच्या खोलीकडे बघत होती. जाताना तिचा नवरा म्हणाला, "असं घर आम्ही कुठे पाहिलं नाही," आणि दोघं सरळ ऑफिसकडे वळली.

मावशी मोरीत जाऊन रडली. स्वतःवरच चिडली, "गाढव आहेस! आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास!" सासूबाईंना काय सांगायचं, याचा तिला विचारही करवेना.

थोड्याच वेळात ऑफिसातून बोलावणं आलं. डोळे पुसून ती गेली, तर साहेब लालेलाल.

"मावशी, तुम्ही यांना सांगितलंत काय? हे म्हणतात, त्या घरात माणसं राहतात!"

ती गोंधळून त्या दोघांकडे बघत राहिली. तरुण बाई म्हणाली, "घर फार आवडलं हो मावशी. पण तुमच्या सासूबाईंना त्या उन्हातून उठवून आम्ही तिथे राहायचं? माझ्याच्याने नाही होणार. आम्हाला दुसरं दाखवा."

मावशीला क्षणभर वाटलं, गप्प बसावं. नुसतं गप्प बसायचं होतं! घर सुटलं होतं, पत्र आज ना उद्या येणार होतं. साहेबसुद्धा कागद चाळल्यासारखं करत खाली बघत होते. पण समोर ती अवघडलेली पोर, तिच्याशी खोटं कसं वागायचं?

"कोणी राहत नाही हो ताई," ती म्हणाली. "घर रिकामं आहे. सासूबाई तिकडे वरच्या मजल्यावर भिंतीकडे बघत बसल्यात. मी बोलले ते सगळं मनातलं. मला हवं होतं ते घर, म्हणून तोंडातून गेलं. तुम्ही घ्या. चांगलं आहे घर."

मग त्या तरुण बाईने नवऱ्याकडे बघितलं, आणि नवऱ्याने मान डोलवली. असं नुसत्या डोळ्यांनी बोलणारं जोडपं असलं की फार बरं वाटतं.

"मावशी, तुम्ही तर तिथे केव्हाच राहायला गेलात," ती म्हणाली. "आम्ही गेलो तर मला रोज तुमच्या सासूबाई दिसतील." आणि साहेबांना म्हणाली, "समोरचं घर शिल्लक आहे ना? जरा महाग पडेल, पडू दे."

साहेबांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "मावशी, तुमच्या त्या बँकेच्या माणसाचा नंबर द्या बघू. मी बोलतो त्याच्याशी."

काय बोलले कोण जाणे, पण त्या माणसाचा 'उद्या' एकदाचा उगवला.

सामान हलवलं त्या दिवशी नवऱ्याने सासूबाईंना दोन्ही हातांवर उचलून तो जिना उतरवला. त्या पूर्णवेळ ओरडत होत्या, "अरे मेल्या, पाडशील!" आणि एका हाताने डोळे पुसत होत्या. नव्या घरात त्या काठी टेकत उन्हाच्या खोलीत गेल्या, आणि खुर्ची चार वेळा हलवून बघितली. मग बसल्या, आणि कितीतरी वेळ त्यांनी एकही टोमणा मारला नाही. मुलगी घाबरून आईला म्हणाली, "आजीला बरं नाही का?"

तेवढ्यात दार वाजलं. एक वयस्कर नवरा-बायको उभे. "सॅम्पल घर इथेच ना? बघायचं होतं."

मावशीने सवयीने दार सताड उघडलं, "या ना, या" म्हणाली, आणि तिथेच थबकली. मागे खोक्यांचा ढीग, जमिनीवर नवऱ्याचे बूट, आतून सासूबाईंचा आवाज, "कोण आलंय गं?"

"घर विकलं गेलं," ती म्हणाली. "इथे आम्ही राहतो."

ते ओशाळले, माफ करा म्हणत मागे फिरले. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं शेकडो माणसं तिने या दारातून आत घेतली, खोली खोली फिरवली, पण कोणाला 'बसा' म्हणायची परवानगी तिला कधी नव्हती.

"अहो, थांबा!" तिने हाक मारली. "आलाच आहात तर बसा ना जरा. चहा टाकते."