भाऊबीजेची जागा

मंजुळाबाई, तुम्हांला हे पत्र पोचायचं नाही, हे ठाऊक असून लिहिते आहे. पुनावळ्यात तुमच्याबद्दल आता एवढंच सांगतात, की शाळेत एक बाई होत्या, फार रागीट. रागीट का, ते कुणी सांगत नाही. तर ते तुम्हांला न विचारताच गावाला सांगून टाकते.

मंजुळाबाई फलटणकडच्या. ऐन तिशीत कुंकू पुसलेल्या, लोकल बोर्डाच्या नोकरीवर एकट्या आलेल्या. शाळा देवळात भरायची. देवाचं काही निघालं की सुट्टी. चौथीला वेगळी खोली झाली नाही तर वर्ग चिंचवडला हलवू, असं बोर्डानं बजावलं होतं. चिंचवडला मुलगे चालत गेले असते, मुलींना कुणी धाडलं नसतं. बाईंच्या जिवाला घोर होता तो एवढाच.

गावात त्यांना आधार सोपानरावांचा. 'मला बहीण न्हाई, तुमीच माझ्या बहीण,' म्हणून दर भाऊबीजेला बाईंच्या पाटावर येऊन बसणारा माणूस. क्षेत्रफळ शिकवायला दोर हवा म्हटल्यावर त्यांनीच मोटेचा जुना नाडा आणून दिला. बाईंनी त्याची टोकं बांधून घेतली. देवळापुढं चार पोरं चार कोपऱ्यांना उभी केली, दोर चौरस ताणला आणि सगळी शाळा आत बसवली. बसून वर जागा उरली. मग तोच दोर लांबट, अरुंद ओढायला लावला, तशी निम्मी पोरं बाहेर पडली.

"दोर तेवढाच आहे ना? मग जागा कुठं गेली?" बाईंनी विचारलं.

कट्ट्यावर सोपानराव सुपारी कातरत बसले होते. ते हसून म्हणाले, "बाई, ही तर जादूच झाली की."

त्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर त्यांनी विचारलं, ओवाळणी काय घालू. बाईंनी शाळेच्या खोलीपुरती जागा मागितली. दारात चार माणसं होती. सोपानराव म्हणाले, शाळेच्या दोरात मावेल तेवढी दिली. बाईंना रडू आवरेना. त्याच भरात त्यांनी कामही सांगितलं: मंडईला जाल तेव्हा बोहरी आळीतून एक गवंड्याचा गुण्या आणा, खोलीच्या पायाचे कोपरे काटकोनात बसले पाहिजेत. आणतो की, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव रानात. सडकेकडेचा चौकोनी तुकडा बाईंनी मनात धरून ठेवला होता. पिंपरीला कारखाने यायला लागल्यापासून सडकेकडेच्या जमिनीकडं सोपानराव वेगळ्या नजरेनं बघत होते, हे बाईंना कुठलं कळायला? सोपानराव त्यांना ओढ्याकाठी घेऊन गेले. ओढा आणि बांध यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर दोर ताणला. लांबी भरपूर, रुंदी बैलगाडी जेमतेम जाईल एवढी.

गावच्या वाटण्या मोजणाऱ्या गेनबानं दोराभोवती फिरून सांगितलं, दोर पुरा लागलाय, तक्रारीला जागा न्हाई. या गावात भाऊवाटणीसुद्धा अशीच व्हायची, भोवतीनं दोर फिरवून. दोर सारखा भरला की वाटणी सारखी. त्यामुळं कुणालाच काही वावगं वाटलं नाही. ज्यांना कळत होतं ती आम्ही चौथीची पोरं बांधावर उभी होतो. आम्हांला कोण विचारतो?

बाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, यात पोरं बसायची कशी?"

"एकामागं एक. दोर तुमचाच हाय, बाई. शिकवलंत बी तुमीच."

लोक हसले. सोपानरावही हसले, कट्ट्यावर हसले होते तसेच. बाईंना त्या क्षणी जमिनीपेक्षा तो धडा गेल्याचं जास्त लागलं. आपल्याच हातानं शिकवलेलं या माणसानं पोरांआधी उचललं होतं.

बोर्डाचा साहेब पट्टी बघून आल्या पावली परत गेला. चौथी चिंचवडला हलली. आम्हां मुलींतली मी एकटी गेले, तीही मामाकडं राहून. बाकीच्या घरी बसल्या.

बाई उरलेल्या वर्गांना पुढंही क्षेत्रफळ शिकवत राहिल्या, पण फळ्यावर. पुढल्या भाऊबीजेला सोपानराव आले, तेव्हा पाट मांडलेला नव्हता; गाव बाईंना रागीट म्हणायला लागला तो त्या दिवसापासून. उंबऱ्यातच घुटमळून सोपानराव म्हणाले, "तेवढा गुण्या आणायचा राहिला बघा. उद्या मंडईला चाललोय."

सोपानराव मंडईला जाऊन आले, नंतरही कितीदा गेले. गुण्या आला नाही.