भीमेच्या कोरड्या पात्रात, आईला घेऊन

निघताना आईने सीटचा पट्टा लावून घेतला नाही, नुसता हातात धरून बसली. पट्टा लावला तर गाडी उलटल्यावर बाहेर कसं पडायचं, असं तिचं म्हणणं. मी सांगितलं की गाडी उलटणार नाही, आणि पट्टा लावल्याशिवाय चावीही फिरणार नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीखाली हा वाद चालला होता आणि वॉचमन तो मन लावून ऐकत होता. शेवटी तिने पट्टा लावला, देवाचं नाव घेत.

गाडी म्हणजे माझी जीप. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, पण चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढले ती मी. बँकेतली नोकरी मिळवली ती अभ्यासावर, आणि जीप घेतली ती पगारावर. हे मी कुणालाही सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. रविवारी शहराबाहेरच्या मुरमाच्या खाणीत आमचा एक गट जमतो. रस्ता जिथे संपतो तिथून आमची गाडी सुरू होते. त्यात बाई मी एकटीच. बँकेतल्या मैत्रिणी विचारतात, यात कसली मजा? मजा आहे, पण खरं सांगायचं तर प्रत्येक उतारावर मी भिते. मग पुढचं चाक जमिनीला लागतं आणि जीव भांड्यात पडतो. त्या एवढ्याशासाठी मी जाते.

आईला हे कधी पटलं नाही. ती त्या दिवशी आली ते तिच्या भावासाठी. मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्याचं गाव भीमेच्या पलीकडे, मंगळवेढ्याच्या अंगाला. पुलावरून जायचं तर मोठा वळसा, एसटीच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. उन्हाळ्यात नदी कोरडी असते आणि ट्रॅक्टर पात्रातूनच सरळ पलीकडे जातात. मी म्हटलं, मी तुला तशीच नेते. कळवायचं नाही, दारात जाऊन उभं राहायचं, असं तिचंच ठरलं. मामासाठी दोन सोलापुरी चादरी घेतल्या आणि निघालो.

मंद्रूपच्या पुढे डांबरी रस्ता सोडायच्या आधी एका टपरीवर थांबलो. घरून आणलेले धपाटे आणि शेंगाचटणी तिथल्या बाकावर बसून खाल्ली. टपरीवाल्याने जीपभोवती एक फेरी मारली, मग मला विचारलं, "अक्का, गाडी तुमीच चालवता व्हय?"

"व्हय," आईच बोलली. "मला न इचारता."

तो हसला. थंड काही आहे का म्हटलं तर नाही म्हणाला. नदीकडची लाईन कालपासून बंद होती. मी ते ऐकलं आणि चहा सांगितला. मे महिन्यात वीज नसणं यात नवल ते काय?

पुढे गाडीवाट. दोन्ही बाजूंना उसाची मळी (नदीकाठची गाळाची जमीन) आणि चाकाखाली फुफाटा (पिठासारखी उडणारी धूळ). वेड्या बाभळींच्या रांगेतून बाहेर आलो आणि खाली नदी दिसली. नदी म्हणजे पांढऱ्या वाळूचा रुंद पट्टा, मध्ये काळे खडक, कुठेतरी शेवाळलेलं डबकं. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या स्पष्ट होत्या, ट्रॅक्टर मात्र एकही नव्हता. उन्हामुळे नसतील, असं मी धरलं. वाळूत उतरायच्या आधी टायरमधली हवा कमी करतात. टायर पसरतो आणि रुतत नाही. तेवढं केलं आणि दरडीवरून जीप खाली घातली.

वाळूचा एकच नियम आहे. थांबायचं नाही. अर्ध्यावर येईपर्यंत तो मी पाळला. मग एका खडकाला वळसा घालताना गाडी आईच्या बाजूला कलली. फार नाही, खाणीत मी याच्या दुप्पट कलते. पण आईने किंचाळायच्या ऐवजी माझं मनगट धरलं, दोन्ही हातांनी, आणि माझा पाय ब्रेकवर गेला. जीप थांबली. पुन्हा गती दिली तेव्हा चाकं जागच्या जागी फिरली आणि खाली गेली.

आधी मला हसूच आलं. गटात असताना असं झालं की मागची गाडी दोर लावून ओढते. इथे मागे कुणी नव्हतं. दोर बांधायला जवळ झाड नव्हतं. फोनला रेंज नव्हती. मी इंजिन बंद केलं, मागचं फावडं काढलं आणि चाकापुढची वाळू ओढायला लागले.

तेव्हा ती शांतता माझ्या लक्षात आली. दोन्ही काठांवर ऊस उभा होता. भर उन्हाळ्यात नदीकाठी उभं राहिलं की पाण्याच्या मोटरींची घरघर ऐकू येते. इथे एकही मोटर चालू नव्हती. हातातलं फावडं तसंच राहिलं.

सोलापूरला प्यायचं पाणी भीमेतून येतं. उन्हाळ्यात ते उजनी धरणातून नदीत सोडतात, आणि वाटेत कुणी उपसू नये म्हणून काठावरच्या मोटरींची वीज तोडतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. बँकेत माझ्या टेबलापुढे बसणारे निम्मे शेतकरी याचीच तक्रार करतात. टपरीवरची बंद लाईन, रिकाम्या चाकोऱ्या, आणि आता हे. पाणी सुटलं होतं. ते कुठवर आलं असेल हे मात्र मला माहीत नव्हतं, आणि पुढच्या वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं.

आईला सांगावं की नाही? मी सांगितलं. ती नदीच्या वरच्या अंगाला, पाणी येईल तिकडे बघत राहिली. मी म्हटलं, पाठीवर बस, मी तुला काठापर्यंत नेते. ती म्हणाली, मला घेऊन तू वाळूत किती पावलं टाकशील, दोघी बसू खाली. तिचं बरोबर होतं. तिच्या गुडघ्यांनी ती दरड चढणं तर शक्यच नव्हतं. जीप निघाली तरच ती निघणार होती.

"मागच्या चादरी काढ," ती म्हणाली. "घाल चाकाखाली."

मी घातल्या, कोऱ्या, घडीच्या घडी. टायरची हवा आणखी सोडली. मग एक बारीक आवाज आला, कढईत पाण्याचा हबका मारल्यावर येतो तसा. मी वळून पाहिलं. पाणी येत होतं. लाट वगैरे काही नाही. काडीकचऱ्याची आणि फेसाची एक वाकडीतिकडी ओळ, माणसाच्या चालीने सरकणारी. कोरडी वाळू तिला पीत होती, आणि ती तरीही पुढे येत होती. मी फावडं मागे टाकलं.

आत बसले, गिअर टाकला. जीप चादरींवर चढली, हलली, आणि कलली. माझ्या मनगटाला पुन्हा आईचे हात. माझा पाय उचलला गेला. गाडी बसली.

मी तिच्यावर ओरडले नाही. फेस मागच्या चाकांना लागला होता. एकदा पाणी टायरखालची वाळू धुऊन न्यायला लागलं की जीप खालीच जाणार, हे मला समोर दिसत होतं. आई स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"मी धरत न्हाय गं," ती म्हणाली. "हातच जात्यात."

मग तिने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. डोळे मिटले.

"आता चालव. कायबी झालं तरी मी हलत न्हाय."

मी खाली उतरून, भिजलेल्या वाळूत गुडघे टेकून, चादरी पुन्हा सारख्या केल्या. परत बसले. पाय हळू दाबला. जीप चढली, कलली, खडकाला बाजूने घासत गेली, आणि मी थांबले नाही. आरशात बघितलं नाही. पुढे काठाजवळ वाळूत एक खोलगट चर होता, तो पाण्याने भरत आला होता, त्यात चाकं गेली तेव्हा काचेवर गढूळ पाणी उडालं आणि मला काही क्षण काहीच दिसलं नाही. तरी थांबले नाही. पलीकडच्या दरडीवर मागचा भाग घसरला, आडवा गेला, मग टायरने माती धरली. वर सपाटीवर आल्यावर ब्रेक दाबला आणि इंजिन बंद केलं. शेजारी आईचे हात अजून मांडीखालीच होते.

मामा ओसरीवर काळा चष्मा लावून बसला होता. चिखलाने माखलेली जीप त्याला अंधुक दिसली असावी, पण कुठून आलो हे त्याने बरोबर ओळखलं. पाणी सुटल्याचं देवळाच्या भोंग्यावरून सकाळी सांगितलं होतं. तो खूप बोलला. शेवटी म्हणाला, बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं.

"बाईमाणसाच्या हातानंच आले की मी," आई म्हणाली. "दादा, तू आलतास का न्यायला?"

मामीने भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. मी अर्ध्या भाकरीवरच उठले, आईने मात्र दोन खाल्ल्या. चादरी आणल्या होत्या हे त्यांना ठाऊक नव्हतं, आम्हीही सांगितलं नाही.

परतीला पुलाचा लांबचा रस्ता धरला. पुलाच्या पलीकडे गाडी बाजूला घ्यायला आईने सांगितलं आणि कठड्याला धरून उभी राहिली. आता या काठापासून त्या काठापर्यंत तांबूस पाणी होतं, संथ, एखादी फांदी वाहून नेणारं.

"कुटं हुतो गं आपन?"

मी बोट केलं. मग ते थोडं उजवीकडे नेलं. मग खाली घेतलं. एकसारखं पाणी होतं सगळीकडे.

खाणीतल्या उतारावर मी भिते तेव्हा खाली जमीन आहे हे मला आधीच माहीत असतं. मागे गट असतो, दोर असतो. ती भीती मी हौसेने, रविवारपुरती घेते. भीमेतली भीती माझ्या मापाची नव्हती, आणि ती आईच्या शेजारी बसून मला कळली. गाडी मी विकली नाही. विकेन असं कधी वाटलंही नाही. पण आता कुठल्याही अनोळखी जागी उतरण्याआधी मी इंजिन बंद करते, काच खाली घेते आणि ऐकते. गटातली माणसं हसतात, कुणी मागून हॉर्न वाजवतं. हसू देत. माझं ऐकून झालं की मग मी चावी फिरवते.