मुर्शाच्या दोन पराती

मुर्शाने त्या उन्हाळ्यात तांब्याच्या दोन पराती ठोकल्या होत्या, हुबेहूब एकसारख्या. एक बायकोला, रुपिताला, कणीक मळायला, दुसरी बाजारासाठी. त्याच उन्हाळ्यात बुखारेस्टहून इलिंका नावाची पोरगी सिनेमा करायला ब्रातेयु गावातल्या रोमा तांबटांच्या वस्तीत आली आणि महिनोन्महिने त्यांच्यातच जेवली.

पोरगी वाईट नव्हती. म्हणूनच तर घात झाला. एक दिवस म्हणाली, "मावशी, तुम्ही घागरा धुताय असं घेऊ या. या परातीत. ऊन काय झळकतंय तांब्यावर!"

रुपिता उडालीच. "अगं, कमरेखालचं कापड परातीत? माझ्या घरचं पाणी तरी पिईल का कुणी?"

"मग बाजारातली घ्या. तिच्यात कुठे कणीक मळलीय?"

मुर्शा पडक्या दाताच्या फटीतून हसला. "धू गं. एका परातीने मी काय भिकेला लागतोय?"

रुपिताने घागरा धुतला आणि रीतीप्रमाणे ती परात चेचून नदीत टाकली. हिवाळ्यात मुर्शा गेला.

सिनेमा गावच्या सभागृहात लागला तेव्हा झाडून सगळी वस्ती लोटली. खोटं कशाला बोला, सिनेमात दम होता. पहिल्यांदाच पडद्यावरचे रोमा चोर नव्हते, कुणाच्या हातात सुरा नव्हता. हातोड्यांचा ठेका खरा, बोली आपली, शिव्यासुद्धा आपल्या. आणि ऐरणीपाशी मुर्शा, जिताजागता! रुपिताने डोक्याचा रुमाल तोंडात कोंबला.

मग घागरा आला. आणि त्याला चिकटून कणीक! ती खरं तर घागऱ्याच्या आधीच, घरच्या परातीत मळलेली. पण जोडणी अशी केलेली, की घागरा निघाला आणि पीठ पडलं.

नणंद पापिना उभीच राहिली. "रुपिते! हेच खाल्लं होय गं आम्ही?"

"ताई, परात दुसरी होती!"

"मग आण दोन्ही. दाखव."

कुठून आणणार? पुढे सिनेमात वस्तीच्या जेवणाचं दृश्य होतं, ते यायच्या आतच सगळे उठून गेले.

रुपिताने इलिंकाला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, पण बघणाऱ्यांना कुठे कळतंय ते?"

"ज्यांना कळतं त्यांच्यात राहते मी, बाई."

मुर्शाच्या वर्षाच्या जेवणाला रुपिताने पाव भाजले, कोबीच्या पानांत खिमा गुंडाळला. लोक जेवले तर गेलेला जेवतो. लोक आले. टोप्या काढल्या, स्वतःच्या बाटलीतली दारू मुर्शाच्या नावाने जमिनीवर सांडली आणि उभ्याउभ्याच परतले.

"भाऊ माझा उपाशी गेला," पापिना एवढंच बोलली.

रुपिताने ताटं उचलली नाहीत. इलिंकाने दिलेली डीव्हीडी लावली. मुर्शाचं हसणं त्या घागऱ्याच्या पलीकडे होतं. घागरा बघितल्याशिवाय तिथे पोचता येत नव्हतं. तिने बघितला. पुढे ते जेवण आलं. वस्ती तिच्या हातचा पाव मिटक्या मारत खात होती. पापिना आणखी एक तुकडा मागत होती, आणि मुर्शा हसत हसत आपल्या ताटातला तिला देत होता.