चौथं सील

गल्लीत तिला रंगवाल्या काकू म्हणत. तीस वर्षं तिने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. निवृत्त झाल्यावर हातात ब्रश आला, तो काही सुटला नाही. फाटक, खिडक्यांचे गज, पाण्याची टाकी, जिथे लोखंड तिथे काकू. लेक म्हणायची, "आई, बाबा जरा वेळ एका जागी उभे राहिले ना, तर त्यांनाही एक हात मारशील तू." आई हसायची. पण गंज तिला खरोखरच बघवत नसे. आतून पोखरतो आणि कळतं तेव्हा फक्त भोक उरलेलं असतं, असं ती म्हणे.

लेक पिकअप चालवायची. ऑक्सिजनचे भरलेले सिलिंडर डोंगरावरच्या इस्पितळात पोचवायचे आणि रिकामे घेऊन उतरायचं, हे तिचं काम. आईने आधी अबोला धरून पाहिला, मग रडून पाहिलं, शेवटी एक अट घातली, "गाडी तुझी, पण खालचं लोखंड माझं." तेव्हापासून दरवर्षी ती पोतं अंथरून गाडीखाली सरकायची आणि मागच्या अ‍ॅक्सलला, त्याच्या मधल्या लोखंडी गोळ्याला काळ्या रंगाचे दोन हात द्यायची. या गोळ्यात डिफरन्शियल असतं, इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारं. नवऱ्याची अख्खी हयात असले गोळे उघडण्यात आणि बसवण्यात गेली होती. बाजार त्याला उस्ताद म्हणायचा, आणि उस्तादांना बायकोच्या रंगाचं कौतुकच होतं.

त्या वर्षी मात्र लेक एकदा घरी आली ती कुरकुरतच. "बाबा, ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते."

उस्तादांनी मागचं उजवं चाक उतरवलं. ब्रेकचा ड्रम तेलाने थबथबलेला. चाकाजवळचं तेल अडवणारं रबरी सील गळत होतं आणि गोळ्यातलं तेल ब्रेकवर येत होतं. त्यांनी सील बदललं, ब्रेक धुऊन काढला. आठ दिवसांत पुन्हा तेच. या वेळी बेअरिंग तपासलं, अ‍ॅक्सल फिरवून पाहिला, खालच्या बुचाचं लोहचुंबक बोटाने पुसलं. काजळासारखी बारीक भुकटी तेवढी लागली, गिअरच्या दातांचा एकही तुकडा नाही. आतलं सगळं ठणठणीत! तरी तिसरं सीलही गळलं. पंक्चरवाला म्हणाला, "उस्ताद, सील कशाला बदलता, चष्मा बदला." सगळे हसले, उस्तादही हसले. पण वर्षभरापासून त्यांचे हात थरथरत होते आणि ते दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि आईला.

आणि मग तो दिवस आला. दुपारी पिकअप दारात थांबली, लेक उतरली, तर हनुवटी सोललेली आणि शर्टाच्या कॉलरवर रक्त.

"काही नाही गं. उताराच्या वळणावर गाडी फिरली, कठड्याला घासून थांबली. सिलिंडर रिकामेच होते."

कठड्यापलीकडे काय आहे, हे आईने एकदा पाहिलं होतं. ती पायरीवर बसली.

उस्ताद स्टुलावर बसले होते. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. "या हातांनी आता घास तोंडापर्यंत नेला तरी पुष्कळ झालं," ते म्हणाले. "माझ्याच्याने व्हायचं नाही. दुसऱ्याला दाखवा."

"दुसऱ्याला कधी दाखवणार, बाबा? उद्या पहाटे भरलेले घेऊन जायचंय. वर इस्पितळात उद्यापुरतेच उरलेत."

"तू जाणार नाहीस," आई म्हणाली.

"मग कोण जाईल, आई?"

आई उठली. "अहो, आत्ता उघडा तो गोळा."

"तापलेला गोळा उघडायचा नसतो. रात्रभर निवू द्यायचा, सकाळी बघायचं. आयुष्यभर तसंच केलंय मी."

"सकाळी ती निघून गेलेली असेल!"

ते हलेनात, तेव्हा तिनेच पाना उचलला, पोतं टाकलं, गाडीखाली सरकली आणि तेल भरायच्या बाजूच्या बुचाला पाना लावून सगळा जोर लावला.

"अगं, उलटं फिरवतेयस! आटे जातील!" उस्ताद धडपडत खाली आले. चिडून त्यांनी पाना हिसकावला आणि बूच सैल केलं.

फस्स! हवेचा फवारा सुटला, गरम तेल त्यांच्या बाहीवर उडालं.

"भाजलं का हो?"

त्यांचं लक्ष नव्हतं. "आत हवा कोंडलीय," ते हळूच म्हणाले. "गोळा तापला की हवा फुगते. तिला बाहेर पडायला वर एक टोपण असतं, अळंबीएवढं. त्यातून सुटली नाही तर ती तेलाला ढकलते, आणि मग ते नाजूक जागेतून फुटतं. सीलमधून." दर वेळी त्यांनी गोळा निवल्यावरच उघडला होता. तोवर आतली हवाही निवलेली असायची. त्यांनी अ‍ॅक्सलच्या वरून हात फिरवला. "टोपण आहे. पण हलत नाही. आणि गुळगुळीत काय लागतंय?"

आईला ते अळंबीएवढं टोपण आठवलं. या वर्षी त्याच्याखाली बारीक फट दिसली होती, पाणी शिरेल म्हणून तिने ब्रश टोचून टोचून ती रंगाने भरली होती. तिथे दोन नाही, तीन हात दिले होते. गप्प राहिली असती तर चिखलाने फट बुजली असं समजून खपलं असतं. तिने लेकीच्या हनुवटीकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "ती फट मी बुजवली."

उस्तादांनी टोपण खोलून तिच्या तळहातावर ठेवलं. "मग काढ तूच."

केसातल्या आकड्याने तिने रंगाचा पापुद्रा पापुद्रा खरवडला. टोपणातून फुंकर आरपार गेली तेव्हा उस्ताद पहिल्यांदा तिच्याकडे बघून म्हणाले, "तीन सीलं, अगं! तीन! आणि मी दोष माझ्या हातांना देत होतो!" हसत होते की रडत होते, कोण जाणे. चौथं सील त्यांनीच बसवलं. ब्रेकचे लायनर नवे घातले, तेल बुचाच्या भोकातून बोटाला लागेपर्यंत भरलं. उजेडाला बॅटरी आईने धरली.

पहाटे ती लेकीच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसली. उतर म्हटलं तरी उतरली नाही. चढ सरला, भरलेले सिलिंडर उतरले, रिकामे चढले. मग उतार लागला. कठड्यावर ताजा ओरखडा दिसला.

"ब्रेक मार."

"आई, वळण अजून लांब आहे."

"मार म्हणते ना!"

गाडी सरळ थांबली, ना डावीकडे ओढली, ना उजवीकडे. आई उतरली, रस्त्यावर गुडघे टेकून उजव्या चाकामागे रुमाल फिरवला. धूळ लागली, तेल नाही. रुमालातूनच तिने वरचं टोपण चाचपलं, ते बोटाखाली फिरलं. टोपण पुन्हा पुन्हा फिरवत ती तिथेच बसून राहिली.

"आई, चल ना. मागे हॉर्न वाजवतायत."

"वाजवू देत."

लेकीने हाताला धरून तिला सीटवर बसवलं. अजून अकरा वळणं होती. गाडी सुटली. कठडा मागे पडला तरी आईने दाराची मूठ सोडली नव्हती.

"ब्रेक मार," ती पुढच्या वळणाच्या कितीतरी आधीच म्हणाली.