हातानं नेलेली सायकल

आमचे बाबा रोज सकाळी सायकल घेऊन तलावावर जायचे. तिच्यावर बसायचे मात्र नाहीत. मिल बंद पडेपर्यंत ते तिच्यावरून कामाला गेले, पुढे बाजारहाटही तिच्यावरच केला. अलीकडे दोनेक वर्षं नुसतं हँडल धरून तिच्या शेजारून चालायचे. बाजूचे काका, बाबांच्याच वयाचे, फाटकाशी दात घासत उभे असायचे.

"काहून गा, रोज हिले फिराले नेऊन राहिला का?"

"हिचे गुडघे दुखते. बसलं का कुरकुरते."

"मंग दवाखान्यात ने तिले."

"नेतो ना. तुले बी नेतो, मांगं बस."

गल्ली हसायची. मीही हसायचो. बाबा खरं तेच सांगत होते हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर मी काय केलं, ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

वरच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देतो. वाघ बघायला आलेली माणसं विमानानं नागपुरात उतरतात, गाडी भाड्यानं घेतात, आमच्याकडे झोपतात आणि पहाटे जंगलाच्या वाटेला लागतात. परतताना एखादा दिवस थांबतात, तलावावर फोटो काढतात, संत्रा बर्फी बांधून घेतात. फाटकाच्या आत एक गाडी मावते, तीही सायकल नसेल तर. एका पाहुण्याच्या गाडीला हँडल घासून ओरखडा पडला. तेव्हा तो काही बोलला नाही, घरी पोचल्यावर मात्र नेटवर लिहिलं, 'माणसं चांगली, पार्किंगची अडचण.' तोंडावर उन्हाळा होता, म्हणजे आमचा हंगाम. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

कुही गावचा मावसभाऊ टेम्पोतून तांदूळ घेऊन आला होता. बाबा आंघोळीला गेलेले पाहून मी सायकल त्याच्या टेम्पोत चढवून दिली.

"सायकल कुठं हाय?"

"कुहीले दिली, बाबा. दुधाच्या कामाले पाहिजे होती त्याले." हे खोटं होतं. मग मी एकदम काळजीच्या आवाजात सुरू झालो, "तलावाकडं किती गाड्या झाल्या आता! फूटपाथवर चाटवाले, फोटोवाले. कोणी ठोकलं म्हणजे? तुम्ही आपले पायी जात जा."

"पायीच तर जातो," बाबा म्हणाले.

बस्स, एवढंच. मी काठी आणून दिली. "ते बुढ्या माणसाले दे," म्हणून त्यांनी ती खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी मी वर पाहुण्यांच्या चादरी बदलत होतो. खिडकीतून अंगण दिसतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, भिंतीला हात लावत लावत फाटकापर्यंत आले. तिथं भिंत संपते. पुढं पाऊल टाकायला त्यांनी डावा हात बाजूला केला, हँडल असायचं त्या उंचीवर. हात तसाच राहिला. मग त्यांनी फाटकाचा गज धरला, थोडं थांबले आणि वळले. जाताना बाजूच्या काकांना म्हणाले, "आज मन नाही गा."

मी चादर हातात घेऊन बघत होतो. मला सगळं समजलं. सायकल नव्हतीच ती, आधार होता. माणूस काठीची गरज नसल्याचं भासवत, सगळ्यांशी थट्टा करत सायकलच्या जोरावर तलावापर्यंत जात होता.

कुही काही लांब नाही. सकाळी निघालो असतो तर जेवायला घरी आलो असतो. गेलो नाही. सगळा हंगाम खोल्या भरलेल्या होत्या आणि फाटकात गाडी कशी सरळ आत येत होती.

बायकोनं विचारलं, "बाबा काहून नाही जाऊन राहिले फिराले?"

"ऊन पाहून राहिली ना वं?" मी म्हणालो. तलावावरचे त्यांचे सोबती एकदोनदा आले. त्यांनाही उन्हाचंच सांगितलं. बाबा खोलीतून ऐकत असणार.

आधी फाटक सुटलं, मग अंगण. मग बाबा खाटेवरच जेवायला लागले. पिंडऱ्या हाताला लागतील न लागतील अशा झाल्या. डॉक्टर म्हणाले, चालणं बंद कसं काय झालं? मी म्हणालो, वय.

पावसाळ्यात जंगल बंद झालं, पाहुणे थांबले, तेव्हा मी कुहीला गेलो. सायकल गोठ्याला टेकलेली होती, सीटवर कोंबडीची विष्ठा. घरी आणून धुतली, पुसली, हवा भरली आणि सरळ बाबांच्या खाटेशी नेली.

त्यांनी हात लांब करून सीट चाचपली. मग हँडल धरलं, जोर लावला. अंग थोडं वर आलं, पाय थरथरले आणि ते परत खाटेवर बसले. मी धरायला पुढं झालो, तर त्यांनी मान हलवली.

बराच वेळ हात हँडलवरच होता. फाटकाकडे बघत त्यांनी विचारलं, "सीझन संपला का गा?"

आवाजात राग नव्हता. मी हो म्हणालो.